‘चार्ज’चे पाच अर्थ तुम्हाला आधीच येतात: इंग्रजीतले अनेकार्थी शब्द कसे शिकायचे

आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात एक ताई बँकेचं पत्र घेऊन आल्या. पत्रात ‘आऊटस्टँडिंग अमाउंट’ असं छापलेलं आणि पुढे साडेचार हजारांचा आकडा. त्यांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात चित्रकलेसमोर बाईंनी हाच शब्द लिहिला होता, तेव्हा घरात पेढे आले होते. त्यामुळे बँकेनेही काहीतरी चांगलंच कळवलंय असं समजून त्यांनी ते पत्र दोन महिने देवघराच्या फळीवर ठेवलं. त्या दोन महिन्यांत थकलेल्या हप्त्यावर दंड चढत गेला.

त्यांना शब्द वाचता येत होता, त्याचा एक अर्थही पक्का माहीत होता. दुसरा अर्थ असू शकतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांची अडचण नेमकी इथेच असते. अवघड, लांबलचक शब्दाला माणूस घाबरतो आणि कुणालातरी विचारतो. ओळखीचा शब्द दिसला की विचारत नाही आणि तिथेच फसतो. म्हणून हा लेख ओळखीच्या शब्दांबद्दल आहे.

पहिली पायरी: आधी आपली मराठी आठवा

‘एका शब्दाचे दहा अर्थ कसे लक्षात ठेवायचे?’ हा प्रश्न मला दर बॅचमध्ये विचारला जातो. तेव्हा मी फळ्यावर ‘लागणे’ लिहिते आणि वाक्यं मागते. भूक लागली. ठेच लागली. नोकरी लागली. दिवे लागले. निकाल लागला. पाऊस लागला. वेळ लागेल. तो माझा मामा लागतो. पोराला वेड लागलंय. दार लागलं. पाच मिनिटांत फळा भरतो. एसटी स्टँडवर ‘बस लागली’ म्हणजे गाडी फलाटावर आली आणि घाटात ‘हिला बस लागते’ म्हणजे हिला मळमळतं. चार वर्षांच्या मुलालाही यात गोंधळ होत नाही, कारण शब्द त्याच्यापर्यंत कधी एकटा आलेलाच नसतो. तो स्टँड, घाट, ताट, अंधार अशा कुठल्यातरी प्रसंगातून आलेला असतो.

इंग्रजीतही नेमकं हेच चालतं. ‘लागणे’चा कारभार जे डोकं बिनचूक सांभाळतं, त्याला ‘रन’, ‘सेट’, ‘गेट’ सांभाळता येतात. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. वर्षानुवर्षं वर्गात हे होताना पाहिलंय.

दुसरी पायरी: खिशात आधीच किती आहे ते मोजा

एक कोरं पान घ्या आणि मधोमध ‘चार्ज’ लिहा. आता मराठी बोलताना हा शब्द कुठे कुठे येतो ते आठवा. मोबाईल चार्ज केला. हॉटेलवाल्याने एक्स्ट्रा चार्ज लावला. नव्या साहेबांनी चार्ज घेतला. पोलिसांनी चार्जशीट दाखल केलं. मोर्चावर लाठीचार्ज झाला. कुठल्याही क्लासला न जाता तुम्हाला पाच अर्थ येतात.

इथे थोडं थांबू या, कारण हा शब्द फार मोलाचं काही शिकवतो. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे: गाडीत माल भरणे, ओझं लादणे. हे ओझ्याचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा बघा. बॅटरीत विजेचा भार भरला. गिऱ्हाइकावर पैशाचा भार टाकला. अधिकाऱ्याने कामाचा भार उचलला. माणसावर आरोपाचं ओझं आलं. आपल्या भाषेनेही हे चित्र जसंच्या तसं उचललंय. ‘इनचार्ज’ला आपण ‘प्रभारी’ म्हणतो, नवा अधिकारी ‘पदभार’ स्वीकारतो आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रिक चार्जला ‘विद्युत प्रभार’ म्हणतात. तिन्हीकडे ‘भार’ आहेच. लाठीचार्ज मात्र थोडा बाजूला राहतो. ‘द बुल चार्ज्ड ॲट हिम’, म्हणजे बैल त्याच्या अंगावर धावून गेला. तो अर्थ वेगळा लक्षात ठेवा.

असेच पान ‘नोट’, ‘बिल’, ‘चेंज’, ‘बॅलन्स’, ‘ऑर्डर’ आणि ‘केस’साठी करा. ‘बिल’ दुकानातही मिळतं आणि संसदेतही मांडलं जातं. ‘बॅलन्स’ खात्यावर असतो आणि सायकलवरही सांभाळावा लागतो. ‘चेंज’ म्हणजे बदल आणि कंडक्टर मागतो ते सुट्टे पैसेही.

तिसरी पायरी: यादी पाठ करू नका, मूळ चित्र शोधा

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. क्रियापद म्हणून त्याचे ४३० हून अधिक अर्थ तिथे दिले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ त्याच्याही पुढे गेला: एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. एवढे अर्थ कुठल्याही इंग्रजाला पाठ नसतात. त्याला माहीत असतं ते मुळातलं चित्र.

‘रन’चं चित्र आहे न थांबता पुढे जात राहण्याचं. माणूस पळतो तेव्हा ते दिसतं, पाणी वाहतं तेव्हाही दिसतं. आता ही वाक्यं वाचा.

‘शी रन्स अ शॉप.’ ती दुकान चालवते.
‘द इंजिन इज रनिंग.’ इंजिन चालू आहे.
‘माय नोज इज रनिंग.’ नाक वाहतंय.
‘द कलर रॅन इन द वॉश.’ धुताना रंग गेला.
‘द बस रन्स एव्हरी अवर.’ दर तासाला बस आहे.
‘डायबिटीस रन्स इन द फॅमिली.’ घराण्यात मधुमेह आहे.
‘वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क.’ दूध संपलं.

मराठी बाजूकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. इंग्रजी जिथे पळते, तिथे मराठी बहुतेक वेळा चालते किंवा वाहते. दुकान चालतं, यंत्र चालतं, नाटक चालतं. म्हणून ‘रन’ दिसला की पटकन ‘पळणे’ घालून बघू नका. आधी ‘चालणे’ घाला, मग ‘वाहणे’ घाला. दहापैकी सात-आठ वेळा वाक्य उलगडतं, असा माझा अनुभव आहे.

निवडणुकीची गंमतही पाहून ठेवा. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. आपल्याकडेही उमेदवार उभाच राहतो. तेव्हा ब्रिटिश बातमी वाचताना मराठीच कामी येते आणि अमेरिकन बातमीत ‘ही इज रनिंग फॉर सिनेट’ वाचलं की उमेदवार पळून चाललाय असं वाटत नाही.

‘फाइन’चंही असंच आहे. ‘आय ॲम फाइन’ सगळ्यांना येतं. पण ‘फाइन पावडर’ म्हणजे बारीक पूड. करारनाम्याच्या तळाशी ‘फाइन प्रिंट’ असते, ते बारीक टाइपातले नियम सही करण्याआधी वाचायचे असतात. क्रिकेटमधला ‘फाइन लेग’ फलंदाजाच्या मागच्या बाजूला, अगदी अरुंद कोनात उभा असतो. या सगळ्यांत बारीक, नाजूक असं काहीतरी आहे. ट्रॅफिक पोलीस मागतो तो ‘फाइन’ मात्र दंड. त्याचं लॅटिन मूळ ‘शेवट’ या अर्थाचं: पैसे भरले की प्रकरण संपलं.

आणि ‘आऊटस्टँडिंग’? बाहेर उभं असलेलं. वर्गात बाकीच्यांपेक्षा पुढे उभा असलेला विद्यार्थी उठून दिसतो, म्हणून उत्कृष्ट. हिशेबात जी रक्कम अजून मिटलेली नाही, ती तशीच बाहेर उभी आहे, म्हणून थकबाकी. ताईंना मी हे चित्र काढून दाखवलं. ‘म्हणजे पोरगा पुढे उभा आणि हप्ता दारात उभा,’ असं त्या म्हणाल्या. यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

चौथी पायरी: चित्र सापडलं नाही तर ते दोन वेगळे शब्द असू शकतात

काही वेळा कितीही डोकं खाजवलं तरी दोन अर्थांचा मेळ बसत नाही. तिथे हट्ट धरू नका. आडनाव एक, घराणी वेगळी, असा तो प्रकार असतो.

‘डेट’ म्हणजे तारीख आणि ‘डेट’ म्हणजे खजूर. खजुराचा शब्द ग्रीकमधल्या ‘बोट’ या अर्थाच्या शब्दावरून आला. तारखेचा शब्द लॅटिनमधून आला, त्याचा अर्थ ‘दिलेली’. रोमन लोक पत्रात ‘अमुक दिवशी, अमुक ठिकाणी दिलेलं’ असं लिहीत, त्यावरून तो पडला. मोबाईलमधला ‘डेटा’ही त्याच कुळातला, म्हणजे ‘दिलेल्या गोष्टी’. आपला ‘दत्त’ म्हणजे ‘दिलेला’, हेही त्याच प्राचीन धातूचं रूप आहे. संस्कृत आणि लॅटिन दूरच्या बहिणी असल्यामुळे अशी नाती लागतात. दत्तजयंतीची ‘डेट’ बघताना हे आठवलं की तो शब्द पुन्हा विसरत नाही.

‘मॅच’चं तसंच. सामना, जोडी, रंगसंगती हे एका घराण्यातले अर्थ: दोन गोष्टी बरोबरीच्या असणं. आगकाडीचा ‘मॅच’ फ्रेंचमधल्या वातीच्या शब्दावरून आलेला आहे आणि त्याच इंग्रजी शब्दावरून आपल्याकडे ‘माचीस’ झाली. पैशांची ‘बँक’ इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आली, नदीची ‘बँक’ म्हणजे काठ, ती वेगळ्या वाटेने इंग्रजीत पोचली. अशा जोड्या वहीत शेजारी शेजारी लिहा आणि मध्ये रेघ मारा.

पाचवी पायरी: शेजारी कोण बसलंय ते बघा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शब्दाचा अर्थ ठरवतो तो त्याचा शेजारी.

‘सँक्शन’ घ्या. ‘लोन सँक्शन झालं’ म्हणजे कर्ज मंजूर झालं, हे आपल्याकडे गावोगावी माहीत आहे. मग इंग्रजी बातमीत ‘सँक्शन्स ऑन रशिया’ असं येतं आणि वाचणारा समजतो की रशियाला काहीतरी मंजूर झालं. अर्थ थेट उलटा आहे: निर्बंध. खूण अशी की शब्द अनेकवचनात आहे आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ आहे, तर निर्बंध समजा. कर्ज, रजा, निधी, बांधकाम शेजारी असेल तर मंजुरी.

‘इश्यू’ही असाच. ग्रंथालयात पुस्तक इश्यू होतं, मासिकाचा नवा इश्यू येतो, ऑफिसात काहीतरी इश्यू असतो. पण जुन्या इंग्रजी दस्तऐवजात ‘डाइड विदाऊट इश्यू’ असं लिहिलेलं सापडलं तर त्याचा अर्थ ‘काही अडचण न होता वारले’ असा मुळीच नाही. ते निपुत्रिक, मूलबाळ नसताना वारले, असा आहे. जमिनीच्या वारसाहक्काचे जुने कागद ज्यांच्या घरात आहेत त्यांनी हा अर्थ जरूर लिहून ठेवावा.

छोटे शब्द तर अर्थ पार फिरवतात. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक इनटू’ म्हणजे प्रकरणात लक्ष घालणे. हे तुकडे एकाच शब्दासारखे शिका, फोडून शिकू नका.

सहावी पायरी: दवाखान्यातले शब्द आधी पक्के करा

कुठल्या क्षेत्रातले शब्द आधी शिकायचे, असं विचाराल तर मी दवाखान्याचे सांगेन. तिथे गैरसमज महागात पडतो.

रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे जे शोधत होते ते सापडलं. बहुतेक तपासण्यांत ही चिंतेची गोष्ट असते, पण गरोदरपणाच्या चाचणीत हाच शब्द आनंदाचा असू शकतो. ‘पॉझिटिव्ह विचार करा’मधला चांगलेपणा इथे लावू नका. ‘डिस्चार्ज’ मिळाला म्हणजे घरी सोडलं, पण जखमेतून ‘डिस्चार्ज’ येतोय का, असं डॉक्टर विचारतात तेव्हा ते पू किंवा पाणी याबद्दल विचारत असतात. ‘ॲडमिट’ म्हणजे दाखल करणं, बातमीत मात्र ‘ही ॲडमिटेड हिज मिस्टेक’ म्हणजे त्याने चूक कबूल केली. लॅबच्या चिठ्ठीवर ‘स्टूल’ असेल तर तो बसायचा नव्हे, शौचाचा नमुना द्यायचा आहे. हे विचारायला लाजून अनेकजण तसेच परत जातात. लाजू नका, तिथल्या कर्मचाऱ्यांना हा प्रश्न रोजचा आहे.

‘टेंडर’ तर मला फार आवडणारा शब्द आहे. सरकारी टेंडर म्हणजे निविदा. ‘टेंडर कोकोनट’ म्हणजे शहाळं, कोवळा नारळ. ‘टेंडर व्हॉइस’ म्हणजे हळुवार आवाज. आणि डॉक्टरांनी पोटाच्या तपासणीत ‘टेंडरनेस’ लिहिलं तर तिथे दाबल्यावर दुखतंय. कोवळं, हळवं, दुखरं हे एका माळेतले मणी, निविदेचा शब्द वेगळा, ‘पुढे करणे’ या अर्थाच्या मुळातून आलेला.

‘पेशंट’ म्हणजे रुग्ण, तसंच धीर धरणारा. लॅटिन मूळ ‘सोसणारा’. ‘प्लीज बी पेशंट’ अशी पाटी रांगेजवळ दिसली तर तुम्हाला आजारी पडायला कुणी सांगत नाहीये, थोडा वेळ धीर धरा एवढंच म्हणतायत.

सातवी पायरी: कान उघडे ठेवा

इंग्रजीत लिहायला सारखे आणि बोलायला वेगळे असे शब्द आहेत. आपल्याकडेही आहेत. ‘जरा थांब’मधला ज आणि ‘जराजर्जर’मधला ज एकसारखा लिहितो, पण वेगळा उच्चारतो. म्हणून यात नवं काही नाही. ‘प्रेझंट’ म्हणजे भेट किंवा हजर, ‘प्रिझेंट’ म्हणजे सादर करणे. ‘मिनिट’ म्हणजे साठ सेकंद, ‘मायन्यूट’ म्हणजे अतिसूक्ष्म. ‘लीड’ म्हणजे आघाडी, ‘लेड’ म्हणजे शिसे. उच्चार देवनागरीत लिहून ठेवा. आपली लिपी यासाठी फार चांगली आहे, तिचा उपयोग करायला संकोच बाळगू नका.

आठवी पायरी: परदेशी माणसाशी बोलताना जपायचे तीन शब्द

‘आय पास्ड आऊट इन २०१९.’ आपल्याकडे याचा अर्थ पदवी मिळाली. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत ऐकणाऱ्याला आधी वाटेल की तुम्ही बेशुद्ध पडलात. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

‘आय हॅव अ डाऊट’ म्हणजे आपल्याला शंका विचारायची असते. तिकडे ‘डाऊट’मध्ये अविश्वास येतो, तुमचं म्हणणं मला पटत नाही असा सूर लागतो. ‘क्वेश्चन’ म्हणा.

‘प्लीज रिव्हर्ट’ आपण उत्तर द्या या अर्थाने लिहितो. भारताबाहेर अनेकांना त्यातून ‘पूर्वीच्या स्थितीला जा’ असं कळतं. ‘रिप्लाय’ पुरतो.

वही, डिक्शनरी आणि फोन

एका शब्दाला एक पान द्या. अर्थ लिहू नका, वाक्य लिहा, आणि ते कुठे भेटलं तेही लिहा: औषधाच्या बाटलीवर, रेल्वेच्या पाटीवर, मुलीच्या पुस्तकात. आठवड्याला दोन शब्द पुष्कळ झाले. घाई केलेल्यांच्या वह्या मी अर्ध्यावर बंद पडलेल्या पाहिल्यात.

डिक्शनरी बघताना पहिल्या अर्थावर थांबू नका. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत साधारणपणे जास्त वापरला जाणारा अर्थ आधी देतात, तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अर्थ इतिहासाच्या क्रमाने लावलेले आहेत. तिथे पहिला अर्थ शेकडो वर्षं जुना, आज न चालणारा असू शकतो. खालची उदाहरणवाक्यं वाचा आणि तुमच्या वाक्यासारखं कुठलं दिसतंय ते शोधा.

फोनवर भाषांतर करताना एकटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. ‘आऊटस्टँडिंग’ एवढंच टाकलं तर ‘उत्कृष्ट’ येऊ शकतं. पत्रातली पूर्ण ओळ टाकली तर ‘थकबाकी’ येण्याची शक्यता कितीतरी वाढते. पैशाचं किंवा औषधाचं काही असेल तर तरीही माणसाला विचारा.

आता हा थोडा सराव. शब्द एकच आहे, ‘क्लिअर’. खालच्या ओळी वाचा आणि उत्तर झाकून प्रत्येकीसाठी मराठी शब्द शोधा.

‘द स्काय इज क्लिअर.’ ‘प्लीज क्लिअर युअर ड्यूज.’ ‘शी क्लिअर्ड द एक्झाम.’ ‘क्लिअर द टेबल.’ ‘द चेक हॅज क्लिअर्ड.’ ‘इज दॅट क्लिअर?’

उत्तरं क्रमाने: निरभ्र, फेडा, उत्तीर्ण झाली, आवरा, वटला, कळलं का. मधलं चित्र आहे वाट मोकळी होण्याचं: ढग गेले, देणं गेलं, अडथळा गेला, ताटं गेली. ताईंनी हप्ता भरून आणलेल्या पावतीवर ‘ड्यूज क्लिअर्ड’ असा शिक्का होता. तो त्यांनी मला न विचारता वाचला, आणि वहीतल्या ‘क्लिअर’च्या पानावर सातवं वाक्य म्हणून उतरवून घेतला.